वडिलांचा चेंजर ठेवावा की नवा टर्नटेबल घ्यावा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नाशिकच्या एका वाचकांचे वडील तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यामागे सुमारे दोनशे एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणाऱ्या मोठ्या तबकड्या, राहिल्या आहेत. त्यात बहुतेक शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत आहे. शिवाय भावगीतांच्या मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या, आजोबांच्या वेळच्या पस्तीसेक ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि १९६० च्या दशकातला गॅरार्ड कंपनीचा चार वेगांचा ऑटोचेंजर, म्हणजे तबकड्यांची चळत लावली की एकामागून एक आपोआप वाजवणारा प्लेयर. वाचकांनी तो चेंजर कपाटातून काढून नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ लिहिलेल्या जागी जोडला. आवाज आला, पण घुमणारा आणि फाटलेला. आई ऐकून म्हणाली, “हे सगळे खालच्या पट्टीत का गातायत?” धाकटा भाऊ म्हणतो, हे भंगारात द्या आणि नवा घ्या. मुंबईचा एक विक्रेता जपानहून आलेला जुना डायरेक्ट ड्राइव्ह (थाळी थेट मोटरवर फिरणारा) टर्नटेबल देऊ करतोय. एका मित्राच्या मते मूव्हिंग कॉइल जातीचं कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा भाग) नसेल तर रेकॉर्ड ऐकण्यात अर्थच नाही. आईला मात्र बाबांच्याच प्लेयरवर ऐकायचंय. जवळ साठ हजार रुपये आहेत. “जुनं की नवं, एवढं सांगा,” असं पत्राच्या शेवटी लिहिलंय.

नमस्कार.

जुनं की नवं याचं उत्तर देतो, पण त्याआधी एक विचारतो. तुम्ही पत्रात यंत्रांबद्दल दोन पानं लिहिलीत आणि तबकड्यांबद्दल चार ओळी. खरं तर निर्णय तबकड्यांनी घ्यायचा आहे. यंत्र बिघडलं तर दुसरं मिळतं. वडिलांनी पन्नास वर्षं जपलेली एखाद्या गायकाची एलपी बोथट सुईने एकदा खरवडली गेली, की ती खरवड कायमची.

तुमच्या घरात दोन अगदी वेगळ्या जातीच्या तबकड्या आहेत. ७८ ची तबकडी लाखेची. तिची खाच रुंद असते आणि तिला साधारण ७५ मायक्रॉन त्रिज्येची सुई लागते. १९४८ साली कोलंबिया कंपनीने अमेरिकेत एलपी आणली ती व्हिनाइलची. तिची खाच इतकी बारीक की तिला १८ मायक्रॉनच्या आसपासची सुई लागते. ४५ च्या तबकड्याही याच बारीक खाचेच्या. ७८ ची जाड सुई एलपीवर टेकवली तर ती खाचेत उतरतच नाही, वरच्या कडा घासत जाते. एलपीची सुई ७८ वर ठेवली तर ती खाचेच्या तळाला लोळते आणि तळाची सगळी धूळ ऐकवते. एकच सुई दोन्हींना चालत नाही. ‘सगळ्यासाठी एकच चांगला प्लेयर’ शोधताना तुम्ही अडकलात ते इथे.

आता तुमच्या पत्रातल्या दोन तक्रारी. दोन्हींची कारणं बहुधा साधी आहेत.

आवाज घुमतो आणि फाटतो, कारण चेंजर चुकीच्या जागी जोडलाय. त्या काळातल्या बहुतेक चेंजरमध्ये सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असे. ते काही शे मिलिव्होल्ट सिग्नल देतं. अ‍ॅम्प्लिफायरची ‘फोनो’ जागा चुंबकीय कार्ट्रिजसाठी असते, आणि ते जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं. त्या जागी आतलं सर्किट सिग्नल कित्येक पटींनी वाढवतं, वर खर्जाचा भाग आणखी उचलतं. तिथे सिरॅमिकचा दांडगा सिग्नल गेला की आवाज फाटणारच. वायर काढून ‘ऑक्स’ लिहिलेल्या साध्या जागी लावा, तिथे सिग्नल असा वाढवला जात नाही. तिथे आवाज थोडा बारीक आणि खर्ज कमी वाटला तर घाबरू नका. सिरॅमिकला फार जास्त इनपुट इम्पीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) लागतो, तो आजच्या ऑक्सला नसतो. मेकॅनिक मध्ये एक छोटं बफर सर्किट घालून देऊ शकतो.

दुसरी तक्रार तुमच्या आईंची, आणि त्यांच्या कानाला माझा नमस्कार. थाळी हळू फिरते आहे. वेग ३ टक्के कमी झाला की स्वर साधारण अर्ध्या अर्धस्वराने उतरतो, म्हणजे गायक काळी दोन आणि पांढरी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसतो. पाश्चात्त्य बँडच्या गाण्यात हे एखाद्याच्या लक्षातही येणार नाही. आपल्याकडे मागे तानपुरा चालू असतो, अखंड आणि स्थिर. थाळीचा वेग जरा डुलला तरी तो षड्ज हिंदकळतो. कोणताही टर्नटेबल तपासायचा असेल तर विलंबित ख्यालाची पहिली दोन मिनिटं लावा, नुसता तानपुरा ऐका. दुकानदाराच्या चाचणी-तबकडीपेक्षा माझा त्यावर जास्त विश्वास आहे.

वेग मोजायचा तर स्ट्रोब चकती छापून घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुना पिवळा बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्या उजेडात १८० रेघांची चकती स्थिर दिसली तर वेग बरोबर ३३⅓. ७८ साठी ७७ रेघांची चकती लागते. एलईडी दिव्याखाली हा प्रयोग बहुधा फसतो, कारण अनेक एलईडी तसे लुकलुकत नाहीत.

चेंजर हळू का फिरतो? थाळीच्या आतल्या कडेला एक रबरी चाक टेकतं, त्याला आयडलर म्हणतात. मोटर ते चाक फिरवते आणि चाक थाळीला. वर्षानुवर्षं पडून राहिलं की रबर कडक होतं, मोटरच्या बुशमधलं तेल सुकतं, आणि चेंजरच्या यंत्रणेतलं ग्रीस तर मेणासारखं थिजतं. हे सगळं दुरुस्त होतं. थिजलेलं ग्रीस धुऊन नवं लावायचं, मोटरला हलकं तेल द्यायचं, आयडलर स्पिरिटने पुसायचा आणि फारच कडक झाला असेल तर त्यावर नवं रबर चढवून घ्यायचं. रबरावर किंवा पुलीवर तेलाचा थेंबही पडता कामा नये. विजेची वायर मात्र आधी बदला. साठ वर्षांच्या वायरचं आवरण हात लावताच तुटतं, आणि मोटरवर सरळ २३० व्होल्ट येतात. जुन्या रेडिओ-टेपची कामं करणारा मेकॅनिक शोधा, पण त्याने चेंजर उघडलाय का ते स्पष्ट विचारा. चेंजरच्या खाली तरफा, स्प्रिंगा आणि दातेरी चाकांचं जाळं असतं. उघडण्याआधी त्याला प्रत्येक बाजूने फोटो काढायला लावा.

कार्ट्रिजजवळ एक छोटी फिरती कळ असेल, एका बाजूला ‘७८’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एलपी’ लिहिलेली. ती फिरवली की सुई उलटते आणि दुसरं टोक खाली येतं. आत्ता कोणती बाजू खाली आहे ते बघा. ७८ ची असेल आणि त्यावर एलपी लावल्या असतील, तर आजपासून ते थांबवा. शिवाय कार्ट्रिजच्या मागच्या पिना मोजा. दोनच असतील तर ते मोनो आहे आणि त्याची सुई वर-खाली नीट हलत नाही. स्टिरिओ एलपीच्या खाचेत अर्धी माहिती त्या वर-खाली हालचालीतच असते, म्हणून अशा सुईने ती झिजते.

कोकणात किंवा मुंबईत वाढलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट. क्रिस्टल कार्ट्रिजमध्ये रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक असतो. दमट हवेत तो पाणी ओढतो आणि उन्हाळ्याच्या तापात कपाटात तडकतो किंवा निकामी होतो. आजोबांचा प्लेयर ‘एकदम मुका झाला’ असं जे लोक लिहितात, त्यांच्याकडे बरेचदा एवढंच घडलेलं असतं. यंत्र टाकून द्यायची गरज नसते, सिरॅमिक कार्ट्रिज बसवता येतं.

आता मूळ प्रश्नाकडे. माझं मत असं: चेंजर दुरुस्त करा आणि तो ७८ च्या तबकड्यांसाठी ठेवा. एलपींसाठी दुसरा टर्नटेबल घ्या.

७८ साठी चेंजर का? त्याला तो वेग आहे. आजच्या बऱ्याच चांगल्या टर्नटेबलांना नाही. ७८ ची सुई त्याच्यात आहेच, फक्त तिचं टोक नवं बसवून घ्या. आणि सिरॅमिक कार्ट्रिजचं चार-पाच ग्रॅमचं वजन, जे एलपीसाठी जड आहे, ते लाखेच्या कडक तबकडीला मुळीच जड नाही. ती तबकडी एकेकाळी ग्रामोफोनच्या पोलादी पिनेखाली चालली आहे. एक पथ्य पाळा. चेंजरच्या उंच दांड्यावर तबकड्यांची चळत लावू नका. लाख ठिसूळ असते, वरून पडली की टवका उडतो. आखूड दांडा असेल तर तो लावा आणि एकेक तबकडी हाताने ठेवा. अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’चं बटण असेल तर ७८ ऐकताना ते दाबा, खरखर लगेच निवळते.

तुमच्या चेंजरवर १६ चाही खटका असेल. त्यावर वाजणारी तबकडी भारतात फार कमी जणांनी पाहिली असेल. पण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अंतराळात गेली, ती याच वेगाची आहे, १६⅔. त्यात केरी गावच्या, आपल्या गोव्याच्या, सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी आहे. आणि ती पाठवणाऱ्यांनी तबकडीबरोबर कार्ट्रिज आणि सुईही ठेवली, वर ती कशी लावायची याचं चित्र कोरलं. योग्य सुईशिवाय तबकडी ऐकू येणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला त्या यानाबद्दलचा हा तपशील सगळ्यात जास्त आवडतो.

तुमच्या भावाचं म्हणणं एलपीपुरतं बरोबर आहे. दोनशे एलपी रोज त्या चेंजरवर वाजू नयेत. पण ‘नवा’ म्हणजे आपोआप चांगला, हे त्यांनी गृहीत धरलंय ते सोडा. सुटकेसच्या आकाराचे जे स्वस्त प्लेयर सगळीकडे दिसतात, त्यांतल्या बहुतेकांत आजही सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुईचं वजन जास्त असतं आणि ते कमी-जास्त करायची सोय नसते. म्हणजे वडिलांच्या चेंजरचीच उणीव, आणि थाळी आणखी हलकी. घेताना तीन गोष्टी बघा: टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, मागे फिरवता येणारं वजन आहे का, चुंबकीय कार्ट्रिज आहे का, आणि त्याची सुई वेगळी विकत मिळते का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर मग रंग-रूप बघा.

तुमच्या पैशात बेल्ट ड्राइव्हमध्ये (यात मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवते) रेगा आणि प्रो-जेक्ट यांची सुरुवातीची मॉडेलं किंवा डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ऑडिओ-टेक्निकाचा एलपी-१२० एक्स ही चांगली निवड आहे. बेल्ट की डायरेक्ट यावर लोक तावातावाने भांडतात. या किमतीत मला त्या भांडणात फारसं तथ्य दिसत नाही. बेल्टचा रबर मोटरची थरथर गिळतो, पण काही वर्षांनी सैल होतो. क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठेक्यावर चालणारा डायरेक्ट ड्राइव्ह वेग पक्का धरतो आणि त्याची देखभाल कमी. तुमच्या घरात आईंचा कान आहे आणि रोज तानपुरा वाजणार आहे, म्हणून मी डायरेक्ट ड्राइव्हकडे झुकेन.

जपानहून आलेला तो जुना टर्नटेबल? वाईट कल्पना नाही. १९७० च्या दशकात जपानी कंपन्यांनी डायरेक्ट ड्राइव्ह ज्या दर्जाला नेला तो खरोखर उंच होता. टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके२ १९७९ मध्ये आला आणि २०१० पर्यंत बनत राहिला, यावरून काय ते समजा. पण जपानमध्ये वीज १०० व्होल्टची. ते यंत्र आपल्या भिंतीच्या प्लगला लावलं तर एका क्षणात जळेल, म्हणून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. बेल्ट ड्राइव्ह असेल तर आणखी एक अडचण: तिथे पूर्वेला ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६०. साध्या एसी मोटरचा, ६० हर्ट्झची पुली असलेला टर्नटेबल आपल्याकडे ३३⅓ ऐवजी जेमतेम २७.८ ने फिरेल आणि आईंची तक्रार जशीच्या तशी परत येईल. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या टर्नटेबलांचंही असंच होतं. क्वार्ट्झ डायरेक्ट ड्राइव्हला हा त्रास नाही. तरीही विक्रेत्याकडे स्वतः जा, टोनआर्म दोन बोटांत हलकेच धरून हलवून बघा, खुळखुळत असेल तर परत या. फोनवरून पैसे पाठवू नका.

मूव्हिंग कॉइलबद्दल. तुमच्या मित्राचं प्रेम मला कळतं. डेनॉनचं डीएल-१०३ हे १९६२ पासूनचं, जपानी आकाशवाणीसाठी घडवलेलं कार्ट्रिज, आणि त्यावर मानवी आवाज फार सुंदर उमटतो. पण ते फक्त ०.३ मिलिव्होल्ट देतं. त्याला सिग्नल आधी वाढवायला वेगळा ट्रान्सफॉर्मर किंवा प्रीअ‍ॅम्प लागतो, जड टोनआर्म लागतो, आणि सुई झिजली की ती घरी बदलता येत नाही, अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं किंवा कारागिराकडे द्यावं लागतं. पहिल्या टर्नटेबलवर हा खर्च करू नका. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे वर सांगितलेलं ३ ते ५ मिलिव्होल्टचं चुंबकीय कार्ट्रिज, घ्या.

ऑर्टोफॉन २एम रेड किंवा ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम-९५ मालिका, दोन्हींत सुई ओढून काढता येते आणि त्याच अंगावर पुढे वरच्या दर्जाची सुई बसते. रेडवर ब्लूची सुई लागते. व्हीएम-९५ मध्ये सुईच्या टोकाच्या आकाराप्रमाणे साधी, लंबगोल, मायक्रोलाइन, शिबाटा अशा पायऱ्या आहेत. तुमच्या वडिलांच्या एलपी वर्षानुवर्षं गोल टोकाच्या सुईने वाजल्या आहेत, म्हणजे खाचेची भिंत एका ठराविक उंचीवर झिजली आहे. मायक्रोलाइनसारखी बारीक सुई भिंतीला वेगळ्या जागी स्पर्श करते आणि अनेकदा तिथला आवाज अजून ताजा असतो. आधी लंबगोल सुईवर सहा महिने ऐका. मग पटलं तर पुढची पायरी चढा.

सुई झिजते हे आपल्या घरांत कुणी मोजतच नाही. ऑडिओ-टेक्निका स्वतः लंबगोल सुईचं आयुष्य ३०० तास आणि मायक्रोलाइनचं १००० तास सांगते. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी, म्हणजे चाळीसेक मिनिटं ऐकली तर ३०० तास साधारण सव्वा वर्षात संपतात. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

साठ हजारांचे हिस्से मी असे करेन: निम्म्याहून थोडे जास्त टर्नटेबल आणि कार्ट्रिजवर, दहा-बारा हजार चेंजरच्या दुरुस्तीला आणि नव्या सुईला, आणि बाकीचे राखून. त्यातून सुईचं वजन मोजायचा छोटा डिजिटल काटा आणि कार्ट्रिज सरळ लावायचा कागदी प्रोट्रॅक्टर घ्या. या दोन स्वस्त वस्तूंनी जितका फरक पडतो तितका महागडी वायर घेऊन कधी पडत नाही. वजन कंपनीने सांगितलेलंच ठेवा, २एम रेडला १.८ ग्रॅम, व्हीएम-९५ लंबगोलला २. ‘हलकं ठेवलं तर तबकडी झिजणार नाही’ हा समज उलटा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते.

नव्या टर्नटेबलमध्ये आत प्रीअ‍ॅम्प असेल तर त्याचं बटण ‘फोनो’वर ठेवून वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनोत, किंवा ‘लाइन’वर ठेवून ऑक्समध्ये. दोन्हीकडे प्रीअ‍ॅम्प चालू राहिला तर आत्ताचाच घुमणारा आवाज परत ऐकाल. बारीक गुंजन येत असेल तर आधी अर्थिंगची वायर बघा. स्पीकर टर्नटेबलच्या टेबलावर ठेवू नका.

वाजवण्याआधी धुवा. एलपीसाठी डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने. ७८ ला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावू नका, त्यात लाख विरघळते. सगळ्या तबकड्या उभ्या ठेवा. बुरशी लागलेली कागदी पाकिटं फेकून नवी घ्या, पण मूळ कव्हर जपा.

राहिल्या आई. त्यांना नेमकं काय ऐकायचंय हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारा. आजोबांच्या ७८ असतील तर प्रश्नच मिटला, त्या बाबांच्याच प्लेयरवर वाजणार. भावगीतांच्या ४५ असतील, तर नवी सुई बसवल्यावर, कळ एलपीच्या बाजूला फिरवून, कधीमधी त्याही चेंजरवर लावा. तांत्रिकदृष्ट्या मी त्या नव्यावर वाजवायला सांगेन. पण ज्यांच्यासाठी वाजवायच्या त्या समोर बसलेल्या असताना थोडी झीज मला मान्य आहे. फक्त त्यातली एखादी त्यांना फार प्रिय असेल, तर ती आधी नव्या टर्नटेबलवर एकदा संगणकावर उतरवून घ्या. आणि चेंजर मेकॅनिककडे नेताना चाचणीसाठी तडा गेलेली एखादी ७८ आणि कुणाला नको असलेली एक एलपी बरोबर द्या, चांगल्या तबकड्या घरीच राहू देत.